संक्षेपांची सूची आणि आत्याचं नाव

आत्या कुठलाही कागद हातात आला की तो आधी वाचत नाही, बघते. समास दोन्हीकडे सारखे आहेत का, ओळी एकमेकींना चिकटल्यात का, मथळ्याखाली पुरेशी जागा सोडलीये का. हे सगळं मनासारखं असेल तरच वाचायचं, आणि मनासारखं ते सहसा नसतंच. आमच्या इमारतीत 'लिफ्ट बंद आहे' असा कागद लागला, तेव्हा बाकीचे लोक जिने चढता चढता चेअरमनचा उद्धार करत होते. आत्या वरच्या मजल्यावर धापा टाकत पोहोचली आणि मला म्हणाली, "मजकूर मधोमध घेतलाय, पण खालचा समास बघितलास? अर्धा कागद वाया घालवलाय मेल्यांनी."

मी तिची भाची. तिच्या वरच्याच मजल्यावर राहते आणि जेवायला बहुतेक वेळा तिच्याकडेच असते. झेरॉक्सची आणि छपाईची यंत्रं दुरुस्त करणं हा माझा धंदा. त्यामुळे शहरातली बरीचशी ऑफिसं मला आतून माहीत आहेत, आणि ऑफिसातल्या माणसांबद्दल माझं मत काही फारसं चांगलं नाही. कागद अडकला की सगळे मिळून यंत्राला नावं ठेवतात. आत स्टेपलरची पिन कोणी सोडली, हे मात्र कोणालाच माहीत नसतं. मी झाकण उघडून पिन काढून दाखवते, तेव्हा सगळे एकदम छताकडे बघायला लागतात.

आत्याचं ऑफिस शहरातल्या पदपथांचं. म्हणजे माणसांनी जिथून चालायचं, त्या जागेची देखभाल करणारं. ऑफिसच्या दारातला पदपथ इतका उखडलेला आहे की मोठे साहेबसुद्धा गाडीतून उतरले की रस्त्याच्या कडेकडेने आत येतात. आत मात्र सगळं गुळगुळीत. दोन मजले, लांबलचक मार्गिका, डावीकडे एका विभागाच्या खोल्या, उजवीकडे दुसऱ्या विभागाच्या, आणि टोकाला, जिन्याच्या पाठीमागे, टंकलेखनाची खोली. तिथे आत्या, तिचा संगणक, आणि माझं तिथलं कायमचं गिऱ्हाईक असलेलं एक म्हातारं झेरॉक्स यंत्र.

या ऑफिसात पूर्ण शब्द उच्चारणं हे अडाणीपणाचं लक्षण मानतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मार्गिकेत दोन माणसं गंभीर चेहऱ्याने बोलत होती. "त्रै.प्र.आ. झाला का?" "झाला, पण स.मू.प. आल्याशिवाय उ.नि.प. कसा काढणार?" मला वाटलं, कोणीतरी दवाखान्यात आहे. मी हळू आवाजात विचारलंही, पेशंट कसा आहे म्हणून. त्या दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्याने यंत्राचं झाकण उघडून त्यात डोकं घातलं.

पुढे लक्षात आलं की तिथे कोणी कोणाला 'म्हणजे काय?' असं विचारतच नाही. विचारलं तर आपल्याला माहीत नाही हे कळणार. नवा माणूस रुजू झाला की सुरुवातीला गप्प बसतो, कान उघडे ठेवतो, मग एक दिवस अंदाजाने एखादा संक्षेप वाक्यात टाकून बघतो. कोणी हसलं नाही की तो त्या ऑफिसचा झाला. दरवर्षीचा अहवाल आदल्या वर्षीच्या अहवालावरून काढतात, आकडे तेवढे बदलतात, त्यामुळे एकदा आत शिरलेला संक्षेप बाहेर पडायचं काही कारणच नसतं. आणि आत्या यात काही वेगळी होती असं समजू नका. इतकी वर्षं ती ही अक्षरं बडवत आली, अर्थ विचारण्याच्या भानगडीत कधी पडली नाही. "मला टिंबं सारखी हवीत, बाकी तुमचं तुम्ही बघा," असं तिचं धोरण होतं. नाकावर माशी बसू न देणारी बाई, पण तिची माशी फक्त टिंबावर बसायची.

तिचं एकच दुखणं होतं. वार्षिक अहवालाच्या सुरुवातीला आतल्या पानावर ऋणनिर्देश असतो. त्यात मोठ्या साहेबांपासून सगळ्यांची नावं येतात. कुंड्या पुरवणाऱ्याचं येतं, गाडी चालवणाऱ्याचं येतं, एका वर्षी तर छपाईच्या दिवशी पंखा दुरुस्त करून देणाऱ्याचंसुद्धा आलं होतं. पंखा दुरुस्त करणारा भला माणूस आहे, माझं त्याच्याशी वाकडं नाही. पण तो अख्खा अहवाल शेवटच्या टिंबापर्यंत ज्या बाईने घडवला, तिचं नाव कधीही आलं नाही. आणि ते पान दरवर्षी तीच टाईप करायची. पंखेवाल्याचं नावही तिनेच टाईप केलं, ठळक अक्षरांत.

त्यात भर म्हणजे घरी काका. आत्याचे यजमान, आमचे काका, स्वभावाने चांगले आहेत, पण त्यांचं नाव एकदा दगडावर कोरलं गेलं आहे. सोसायटीचे सचिव असताना पाण्याच्या पंपाची खोली बांधली, तिच्या भिंतीवर संगमरवरी पाटी आहे. काका सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या रुमालाने ती पुसतात. आत्या खिडकीतून बघत राहते. कोणी पाहुण्याने विचारलं, "वहिनी काय करतात?" तर काका सांगतात, "ऑफिसात टायपिंगला आहे." त्या 'टायपिंगला' शब्दावर आत्या भांडी जरा जास्तच जोरात ठेवते. तिला तिचं नाव एकदा, एकदाच, छापलेलं बघायचं होतं. निवृत्तीला एकच अहवाल उरला होता, म्हणजे संधीही एकच.

आणि त्याच वर्षी वरून आढावा समितीचं पत्र आलं. यंदाच्या अहवालात वापरलेल्या सर्व संक्षेपांची सूची शेवटी जोडावी, प्रत्येकासमोर पूर्ण रूप द्यावं. सूची नसल्यास अहवाल स्वीकारला जाणार नाही.

मोठे साहेब स्वतः टंकलेखनाच्या खोलीत आले. मी यंत्राच्या मागे जमिनीवर बसले होते, त्यांना दिसले नाही. "बाई," ते म्हणाले, "एक छोटंसं काम आहे." ऑफिसात छोटं काम म्हटलं की समजायचं, कोणीच हात लावायला तयार नाही.

आत्याने पत्र हातात घेतलं. आधी समास बघितले, मग वाचलं. "करते," ती म्हणाली. मग थांबली. इतरांसाठी भांडायला आत्या पुढे, पण स्वतःसाठी काही मागायचं म्हटलं की तिची जीभ टाळूला चिकटते. "पण साहेब, आतल्या पानावर सूची-संकलन म्हणून माझं नाव यायला हवं."

"नाव?" साहेब हसले. "एवढंच ना? टाका की! टाईप तर तुम्हीच करणार आहात."

ते गेले. आत्या बराच वेळ पत्राकडे बघत बसली. तिचे कान लाल झाले होते. मी यंत्रामागून डोकं वर काढलं, तर म्हणाली, "तू काही ऐकलं नाहीस." त्याच संध्याकाळी तिने काकांना सांगितलं, आणि रात्रीचं जेवण व्हायच्या आत काकांनी झाडून सगळ्या नातेवाइकांना फोन केले. माझ्या आईला, धाकट्या काकूला, लांबच्या मावशीला, आणि ज्या मावसभावाशी त्यांचं बोलणं बंद होतं, त्यालाही. "हिचं नाव छापून येणार आहे. हो, सरकारी अहवालात!" पाटी पुसणारा माणूस बायकोच्या नावासाठी इतका हरखेल असं मला वाटलं नव्हतं, त्या दिवशी काका मला पहिल्यांदा मनापासून आवडले.

आत्या कामाला लागली. प्रत्येक विभागाने आपापला भाग पाठवला होता, प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा. एकाने तर जुन्या, बंद पडलेल्या फॉन्टमधला मजकूर पाठवला, तो उघडला तर पडद्यावर नुसत्या चौकटी आणि उलटीसुलटी चिन्हं. आत्याने तो पुन्हा टाईप केला. मग सगळं एका फाइलमध्ये आणून तिने 'फाइंड' उघडलं आणि संगणकाला शोधायला सांगितलं, अक्षर, टिंब, अक्षर, टिंब असं जिथे जिथे दिसेल ते सगळं पिवळं कर. जाळ्यात बरंच काही सापडलं. 'कि.मी.' आलं, 'मो. क्र.' आलं, साहेबांच्या नावाची आद्याक्षरं आली. ती तिने एकेक करून सोडवली. तरी उरलेला अहवाल उघडला तर पानंच्या पानं पिवळी, साधे शब्द कुठेतरी कडेला अंग चोरून उभे.

तिने दोन कॉलमांचा तक्ता केला. डावीकडे संक्षेप, उजवीकडे रिकामी जागा. आणि ती रिकामी जागा भरायला ती कागद घेऊन दारोदार फिरायला लागली. त्या ऑफिसच्या इतिहासात पहिल्यांदा कोणीतरी उघड विचारत होतं, "साहेब, स.मू.प. म्हणजे काय?"

पहिल्या खोलीतल्या अधिकाऱ्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "समग्र मूल्यमापन पद्धती," तो ठासून म्हणाला. दुसऱ्या खोलीतला हसलाच. "एवढं माहीत नाही बाई तुम्हाला? सर्वसाधारण मूलभूत पत्रक!" तिसऱ्याने आधी दार लावून घेतलं आणि मग सांगितलं, "समन्वित मूळ परिशिष्ट." प्रत्येकाच्या आवाजात असा आत्मविश्वास की ऐकणाऱ्याला आपलीच लाज वाटावी. आत्याने तिन्ही लिहून घेतली. ती त्यांच्याकडे नुसती वर बघून म्हणायची, "नक्की?" आणि ते म्हणायचे, "अहो, मीच तर वापरतो रोज!"

हा घोळ मिटवायला मोठ्या साहेबांनी एक समिती नेमली. संक्षेप पूर्ण रूप समिती. पहिल्याच बैठकीच्या टिपणीत तिचं सं.पू.रू.स. झालं, आणि आत्याला ते सूचीत घालावं लागलं. समितीने दोन बैठकांत चहा आणि बिस्किटं घेतली आणि निर्णय दिला की स.मू.प. चा अर्थ संदर्भानुसार घ्यावा. मी त्या दिवशी यंत्राचा ड्रम बदलायला गेले होते. मला इतकं हसू येत होतं की स्क्रू हातातून निसटून आत पडला आणि तो काढायला मला अख्खं यंत्र पालथं घालावं लागलं. आत्या हसली नाही. "हसायला काय झालं? माझी ओळ रिकामी राहिली नाही ना, मग झालं," ती म्हणाली.

तशी तिची एकेक ओळ भरत गेली. शेवटी वर्णानुक्रम लावायचा होता. टिंबांमुळे संगणक क्रम चुकवतो, म्हणून तिने बाजूला तिसरा कॉलम घेतला, त्यात तेच संक्षेप टिंबांशिवाय टाकले, त्या कॉलमवर क्रम लावला आणि मग तो कॉलम उडवून दिला. सगळ्या ओळी मुकाट्याने आपापल्या जागी जाऊन बसल्या. तिने मला हाक मारली. "ये, बघ." सुंदरच दिसत होती सूची, खोटं कशाला बोलू? दोन्ही कॉलम एका रेषेत, मधली जागा मोजून मापून सोडलेली, वरचा मथळा प्रत्येक पानावर.

"वाचलीस का?" मी विचारलं.

"भरताना वाचावीच लागली," ती म्हणाली. आणि तिने 'प'च्या ओळींवर बोट ठेवलं. तिथे एकाखाली एक असं होतं:

प.नू.वि. – पदपथ नूतनीकरण विभाग
पा.मा.सु.वि. – पादचारी मार्ग सुधारणा विभाग

पहिला म्हणजे मार्गिकेच्या उजव्या बाजूचा विभाग, दुसरा म्हणजे डाव्या बाजूचा. दोघांचे साहेब एकमेकांशी बोलत नाहीत, दोघांची कपाटं वेगळी, पाण्याच्या बाटल्यासुद्धा वेगळ्या. आजवर ही दोन नावं अशी पूर्ण लिहून कोणी शेजारी शेजारी ठेवलीच नव्हती. आत्याने अहवालात दोघांचे भाग समोरासमोर लावून पाहिले होते. बाजारातल्या रस्त्याच्या पदपथावरच्या लाल फरश्या काढून उजवीकडच्या विभागाने करड्या बसवल्या. त्याच पदपथावरच्या करड्या फरश्या काढून डावीकडच्या विभागाने लाल बसवल्या. दोन्ही कामं 'यशस्वीरीत्या पूर्ण'.

"अगं, हे दोघे एकच काम करतात," आत्या हळूच म्हणाली. तिला खरंच धक्का बसला होता. मला नाही बसला. त्या रस्त्यावरून मी रोज हत्यारांची पेटी घेऊन जाते, वर्षभर तिथे वाळूचे ढीग असतात.

तिने कच्ची सूची दोन्ही साहेबांकडे पाठवली. तासाभरात डावीकडचे साहेब टंकलेखनाच्या खोलीत हजर. आजवर ते तिथे कधी आले नव्हते, त्यांना दार कुठल्या बाजूला उघडतं हेही माहीत नव्हतं.

"बाई, काम छान झालंय. फक्त एक... आमचं नाव जरा लांब ठेवता येईल का? म्हणजे दुसऱ्या पानावर वगैरे?"

"वर्णानुक्रम आहे, साहेब."

"तो बदलता येत नाही?"

"अक्षरांचा क्रम मी नाही लावलेला," आत्या म्हणाली. "मी यायच्या आधीपासून तोच आहे."

ते जाताहेत तोच उजवीकडचे आले. त्यांचं म्हणणं जरा वेगळं होतं. "आमचं नाव वर आहे ते योग्यच आहे. पण खाली ते दुसरं कशाला? दोन दिसले की लोक विचारतात."

"काय विचारतात, साहेब?"

उजवीकडच्या साहेबांनी घाम पुसला. लोक काय विचारतील ते त्यांना चांगलंच माहीत होतं. आढावा समितीने 'दोन विभाग कशाला?' एवढं जरी विचारलं, तरी एका साहेबाची खुर्ची जाणार, आणि ती आपली नाही याची खात्री दोघांपैकी एकालाही नव्हती. दोघांचीही पाचावर धारण बसली होती. आयुष्यात पहिल्यांदा ते दोघं खांद्याला खांदा लावून मोठ्या साहेबांच्या खोलीत शिरले.

बैठकीला आत्यालाही बोलावलं. तिथे काय झालं ते तिने मला घरी भाजी निवडता निवडता सांगितलं, आणि सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. मोठ्या साहेबांनी आढावा समितीचं पत्र पुढे ओढलं आणि शांतपणे म्हणाले, "समितीने मागितली काय? सूची. सूची दिलीच पाहिजे. पण पूर्ण रूप किती पूर्ण असावं, हे या पत्रात कुठे म्हटलंय?" "पूर्ण रूपं फार लांबलचक होतात. पानं वाढतात. उजव्या कॉलममध्येही सुटसुटीत रूपं घाला."

आणि तसंच ठरलं. नवी सूची मी स्वतः छापली, त्यामुळे डोळ्यांनी पाहिली आहे.

प.नू.वि. – पद. नूत. वि.
पा.मा.सु.वि. – पाद. मा. सुधा. वि.
स.मू.प. – सम./सर्व. मू. प. (संद.)
सं.पू.रू.स. – संक्षे. पू. रू. स.

"साहेब, मग वाचणाऱ्याला कळणार काय?" आत्याने बैठकीत विचारलं होतं.

"वाचणारा?" मोठ्या साहेबांनी इकडेतिकडे बघितलं, जणू तो खोलीत कुठे बसलाय की काय. "कोण वाचणार आहे, बाई? आणि तुमचं नाव तर आम्ही घेतोच आहोत की."

त्या वाक्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिला म्हटलं, "तू सरळ नाही म्हण! म्हण, करत नाही जा!" ती म्हणाली, "नोकरी आहे, करावं लागतं." आणि तिने केलं. रोज सकाळी जाऊन तिने आपल्याच हाताने भरलेल्या ओळी एकेक करून तोडल्या. फाइल उघडली की कडेला शेरे दिसायचे. एकीकडे डावीकडच्या साहेबांचा, 'अजून लहान करावे.' त्याखाली उजवीकडच्या साहेबांचा, 'सहमत.' अख्ख्या नोकरीत त्या दोघांचं एकमत झालेलं तेवढंच.

घरी मात्र ती यातलं काही बोलली नाही. काका चौकटवाल्याकडे जाऊन आले होते. नाव छापलेलं पान बसवायला कुठली लाकडी चौकट बरी दिसेल, याचे नमुने त्यांनी जेवणाच्या टेबलावर मांडले होते. आत्याने एकावर बोट ठेवलं, न बघताच.

अहवाल छापायचा दिवस आला. अंतिम प्रत माझ्या यंत्रावरच निघणार होती, म्हणून मी दुपारपासून तिथे होते. आत्याने फाइल उघडली आणि आतल्या पानावर आली. ऋणनिर्देशाखाली, मधोमध, ठळक अक्षरांत होतं, 'सूची-संकलन', आणि खाली तिचं नाव. पूर्ण नाव, एकही अक्षर न गाळलेलं. दोन्हीकडचे समास असे जुळलेले की त्या नावाला उठून बसायला चांगली ऐसपैस जागा मिळाली होती. तिने ते किती प्रेमाने मांडलं होतं, ते मला दिसत होतं. ती त्याच्याकडे बघत बसली, हात मांडीवर ठेवून. नंतर ती शेवटच्या पानांवर गेली, सूचीवर. वरपासून खालपर्यंत तिने ती वाचली. या वेळी समास बघितले नाहीत.

मग ती परत आतल्या पानावर आली, स्वतःच्या नावावर माउस फिरवून ते निवडलं, आणि खोडलं.

"आत्या!" मी ओरडलेच. "अगं वेडी झालीस का? सगळ्यांना सांगून झालंय!"

रिकाम्या झालेल्या जागी तिने मोठ्या साहेबांचं नाव टाईप केलं, पदासकट. ते मधोमध येतंय ना, हे एकदा तपासलं. "छाप," ती मला म्हणाली. मी छापलं. त्या दिवशी यंत्राने एकही कागद अडकवला नाही. एरवी उठता बसता अडकवतं, नेमकं तेव्हा त्याला शहाणपण सुचलं होतं.

सह्या घ्यायला आत्या पानं घेऊन गेली. मोठ्या साहेबांनी आपलं नाव बघितलं. भुवया उंचावल्या, मग हळूहळू खाली आल्या. "माझं? बरं... तसं मार्गदर्शन माझंच होतं म्हणा," ते म्हणाले, आणि सही केली. तुमचं नाव कुठे गेलं, असं त्यांनी विचारलं नाही. मी दाराशी उभी होते, वाट बघत होते, विचारतील म्हणून. नाही विचारलं.

पुढचं मला सांगायलासुद्धा राग येतो. आढावा समितीला सूची फार आवडली. समितीतल्या कोणालाही ती कळली नसणार, पण तसं म्हणायचं कसं? अध्यक्षांनी शेरा दिला, 'अत्यंत नेटकी व आटोपशीर सूची. इतर कार्यालयांनी अनुकरण करावे.' तिच्या प्रती सगळ्या ऑफिसांत गेल्या, प्रत्येकीवर मोठ्या साहेबांचं नाव. त्यांना प्रशस्तिपत्र मिळालं, ते त्यांनी खुर्चीच्या मागे लावलं. दोन्ही विभाग सुखरूप राहिले. बाजारातल्या पदपथावर पुन्हा वाळूचे ढीग पडले, या वेळी फरश्या पिवळ्या.

आत्या निवृत्त झाली त्या दिवशी घरी सगळे जमले होते. माझे आईबाबा, धाकटी काकू, तो न बोलणारा मावसभाऊसुद्धा. ऑफिसने निरोपाची भेट म्हणून आत्याला अहवालाची एक प्रत दिली होती. ती तिने पिशवीतून काढायच्या आत काकांनी हातातून घेतली, चष्मा लावला आणि आतलं पान उघडलं. बोट वरून खाली गेलं. परत वर आलं, परत खाली गेलं.

"तुझं नाव कुठे आहे?"

"मी काढलं," आत्या म्हणाली.

"कोणी काढायला लावलं? त्या साहेबाने? मी उद्या जातो तिथे, बघतोच त्याला!"

"कोणी नाही लावलं. मीच काढलं. शेवटचं पान बघा."

काकांनी शेवटचं पान उघडलं. पद. नूत. वि. वाचलं, पाद. मा. सुधा. वि. वाचलं. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "हे काय आहे? काहीच कळत नाही."

"म्हणून."

"म्हणून काय म्हणून?" काका भडकले. इतक्या माणसांसमोर त्यांचा हिरमोड झाला होता, आणि तो रागाच्या वाटेने बाहेर पडत होता. "अगं, सूची कोण बघतं? कोणाला पडलीये? लोक असलं काही वाचत नाहीत. लोक पहिलं पान उघडतात, नाव वाचतात आणि मिटून ठेवतात!"

"म्हणूनच काढलं," आत्या म्हणाली. "काम हे असलं, आणि लोक वाचणार तेवढं माझं नाव."

काकांनी अहवाल मिटला, चष्मा काढला, आणि तिच्या शेजारी जाऊन बसले.

"हवं होतं मला ते," आत्या एकदम म्हणाली. तिचा आवाज फुटला. "फार हवं होतं हो." आणि ऑफिसात नाव खोडताना जिच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं, ती माझी आत्या सगळ्यांसमोर पदरात तोंड लपवून रडली.